मुलांपुढे बोलणारे, मोठ्यांपुढे थिजणारे सर : सामाजिक चिंताविकाराचे एक प्रकरण

फिजिशियनच्या चिठ्ठीत चारच ओळी होत्या. उजव्या हाताला कंप, थायरॉइडची तपासणी नॉर्मल, न्यूरॉलॉजिस्टना काही आढळले नाही, मानसिक ताण असावा. चिठ्ठी घेऊन आलेले गृहस्थ ३७ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. सोबत पत्नी होत्या आणि सुरुवातीचा बराच वेळ त्याच बोलत होत्या. "मॅडम, यांना मुख्याध्यापकाची पदोन्नती येणार आहे. मागच्या खेपेला नको म्हणून लिहून दिलं. आता परत तेच करतो म्हणतात. कारण विचारलं तर गप्प."

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एकाच धाटणीच्या एकापेक्षा जास्त रुग्णांचे अनुभव इथे एकत्र केले आहेत.)

पत्नी बाहेर जाऊन बसल्यावर मी सरांना विचारले, हात नेमका कधी थरथरतो?

"सही करताना. शिक्षण परिषदेत हजेरीचा कागद फिरतो ना, तो माझ्याकडे यायला लागला की."

घरी चेक लिहिताना? नाही. फळ्यावर लिहिताना?

"फळ्यावर कशाला थरथरेल, मॅडम? समोर पोरंच असतात की."

निम्मे निदान या उत्तरातच होते. ज्याला वैद्यकात अत्यावश्यक कंप म्हणतात, तो माणूस एकटा असतानाही दिसतो. हातात भरलेला पेला धरला की समोर कोणी असो नसो, पाणी हिंदकळते. यांचा हात घरी, शेतात, वर्गात स्थिर होता. थरथरायचा तो फक्त अशा मोठ्या माणसांसमोर, जी आपल्याला जोखतील असे त्यांना वाटे.

पुढे जे निघाले ते ऐकताना मला त्यांच्या चिकाटीचे आश्चर्य वाटत राहिले. शिक्षकांच्या या मासिक परिषदेला ते अर्धा तास आधी पोचायचे, म्हणजे कोणी यायच्या आत सही उरकता येई. घरी दिवसातून तीन-चार कप चहा घेणाऱ्या या माणसाने तालुक्यात "पित्तामुळे चहा सोडलाय" असे पसरवून ठेवले होते, कारण कपबशीचा आवाज झाला तर? शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त नेहमी जोडीदार शिक्षक वाचत. सरपंचांचा किंवा केंद्रप्रमुखांचा फोन आला की पत्नी उचलून "सर बाहेर गेलेत" म्हणत. लग्नात अक्षता पडल्या की हे गाडीपाशी. पंगतीत बसणे केव्हाच बंद झाले होते, कारण शेजारच्याला ताटातला घास थरथरताना दिसला असता.

भीती नेमकी कसली? यायला बराच वेळ लागला, पण आली तेव्हा एका वाक्यात आली. "लोक म्हणतील, मास्तर पितो."

त्यांचे सख्खे चुलते दारूने गेले होते. अखेरच्या काळात त्यांचे हात थरथरत आणि सारा गाव ते बघत असे. सर स्वतः थेंबभरही घेत नाहीत. हे मी मुद्दाम नीट विचारून घेतले, कारण या विकारातली पुष्कळ माणसे चारचौघांत जाण्याआधी धीर यावा म्हणून दोन घोट घेऊ लागतात आणि पुढे तोच मोठा आजार होऊन बसतो. सरांनी वेगळी वाट धरली होती. कुणीतरी सुचवले म्हणून मेडिकलमधून प्रोप्रानोलॉल, म्हणजे धडधड आणि कंप कमी करणारे औषध, आणायचे आणि परिषदेच्या सकाळी घ्यायचे. लहानपणी त्यांना दमा होता. हे त्यांनी दुकानदाराला सांगितले नव्हते, दुकानदाराने विचारले नव्हते. दम्याच्या माणसाला हे औषध धोक्याचे ठरू शकते, श्वासनलिका आवळल्या जातात. पहिल्याच दिवशी फिजिशियनना फोन करून त्या गोळ्या थांबवल्या.

निदान

सामाजिक चिंताविकाराच्या निदानाला चारचौघांत बुजणे पुरत नाही. लोक आपल्याला न्याहाळतील, आपली फजिती होईल, अशी प्रसंगाच्या मानाने फार मोठी भीती, त्या प्रसंगांची टाळाटाळ किंवा ते कसेबसे सोसणे, हे सारे सहसा सहा महिन्यांहून अधिक काळ, आणि त्यापायी काम, नाती, रोजचे जगणे यांचे नुकसान, इतके सगळे लागते. सरांच्या बाबतीत हे सगळे होते आणि वीस वर्षांहून अधिक काळ होते. या विकाराची तीव्रता मोजणाऱ्या लिबोविट्झ मापनश्रेणीत २४ प्रसंग असतात. प्रत्येक प्रसंगाची भीती आणि टाळाटाळ वेगवेगळी मोजतात, कमाल गुण १४४. साठच्या वर गेले की भीती आयुष्याच्या बऱ्याच भागात पसरली आहे असे मानतात. सरांचे गुण साठच्या बरेच वर होते. नैराश्य सौम्य होते आणि मागून आलेले. आत्महत्येचे विचार नव्हते. भीतीचे झटके कधी एकटे असताना, कारणाशिवाय येत का? नाही, म्हणून पॅनिक विकार बाजूला ठेवला.

लाजरेपणा हा आजार नाही आणि प्रत्येक अबोल माणसावर शिक्का मारायला माझा सक्त विरोध आहे. पण उलटी चूक आपल्याकडे फार जास्त होते. मूल आठवीत गप्प झाले की "बुजरा आहे", बाविसाव्या वर्षी मुलाखत बुडवली की "धीट हो जरा", तिशीत लग्नकार्य टाळले की "शिष्ट आहे". अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत हा विकार सुरू होण्याचे मध्यक वय १३ च्या आसपास दिसले होते. म्हणजे सुरुवात शाळेत होते आणि उपचाराची वेळ येते कधीतरी चाळिशीच्या तोंडावर, तीही हाताच्या डॉक्टरकडून. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नेहमी आढळणाऱ्या मानसिक विकारांतले ८० टक्क्यांहून अधिक लोक उपचाराविना होते. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. पण आपल्याकडचे चित्र निराळे असेल, असे माझ्या ओपीडीकडे बघून तरी वाटत नाही.

आजार टिकतो कशावर

इंग्लंडमधले डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये एक साधा, पण खोल प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. ही माणसे रोज लोकांत वावरतात, रोज काही आभाळ कोसळत नाही, मग भीती कमी का होत नाही? त्यांचे उत्तर मला सरांच्या प्रत्येक सवयीत दिसत होते.

सर खोलीत शिरले की त्यांचे लक्ष बाहेर राहतच नसे. ते सगळे आत वळे : छाती किती धडधडते, तळहात ओले झाले का, आवाज फाटतोय का. या आतल्या जाणिवांवरून मनात स्वतःचे एक चित्र उभे राही, लालबुंद चेहरा, हलणारा हात, आणि सगळे आपल्याकडे बघताहेत. लोकांना हेच दिसते आहे, असे ते धरून चालत. समोरच्यांचे चेहरे मात्र ते बघतच नव्हते. परिषदेत शेजारी कोण बसले होते हेही त्यांना आठवेना.

दुसरी गोष्ट, बचावाच्या युक्त्या. कप दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, पेन बोटे पांढरी होईस्तोवर आवळायचे, बोलायचे वाक्य मनात तीनदा घोकायचे, नजर खाली ठेवायची. स्नायू आवळले की कंप वाढतो. घोकत बसले की संभाषणाचा धागा सुटतो. खाली मान घालून एका शब्दात उत्तर देणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे मत काय होईल? जोडीदार शिक्षकांशी पुढे मोकळेपणी बोलणे झाले तेव्हा ते म्हणाले, "आम्हाला वाटायचं, सरांना आम्ही कमी प्रतीचे वाटतो." लोकांनी नाव ठेवू नये म्हणून वर्षानुवर्षे जे केले, नेमक्या त्यानेच नाव ठेवले गेले होते.

म्हणूनच "हिंमत कर, जा लोकांत" या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. हिंमत सरांमध्ये कमी नव्हती. इतकी वर्षे ते दर महिन्याला परिषदेला जात होते. पण जाताना युक्त्यांची शिदोरी बरोबर असे, म्हणून दर वेळी घरी एकच निष्कर्ष येई : आज वाचलो, कारण सही आधी केली. त्या सहीशिवायही निभावले असते, हे कळण्याची संधीच कधी मिळाली नाही.

उपचार

औषधांचे आधी सांगते, कारण सरांचा पहिला प्रश्न तोच होता. सेरोटोनिनवर काम करणारी एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही औषधे या विकारात उपयोगी ठरतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, बरे वाटल्यावरही कित्येक महिने ती चालू ठेवावी लागतात आणि एकदम बंद करायची नसतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तेवढ्यापुरते शांत वाटते, पण सवय लागते. शिवाय त्या गोळ्यांचे रूपांतर आणखी एका युक्तीत होते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी पहिला उपचार म्हणून या विकारासाठीच बेतलेला वैयक्तिक बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि वागणे यांवर काम करणारा उपचार, सुचवला आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी सरांना तपासले, दोन्ही वाटा समजावल्या. सरांनी आधी औषधाशिवाय करून बघू म्हटले. गरज लागली तर औषधाचे दार उघडे ठेवले.

दिवाळीनंतर आम्ही सुरुवात केली. पहिला प्रयोग क्लिनिकमध्येच झाला. रिसेप्शनवरच्या ताई सरांना अनोळखी. त्यांच्याशी पाच मिनिटे गप्पा, दोनदा. पहिल्या वेळी नेहमीसारखे : लक्ष स्वतःवर, सगळ्या युक्त्या चालू. दुसऱ्या वेळी युक्त्या सोडायच्या आणि लक्ष ताईंच्या बोलण्यावर. सरांचा अंदाज होता की दुसऱ्या वेळी बोबडी वळेल. दुसऱ्या वेळी भीती निम्म्यावर आली. आणि बाहेर आल्यावर ते स्वतःहून म्हणाले, "त्यांचा मुलगा पाचवीत आहे, शिष्यवृत्तीला बसवायचाय. मी त्यांना पुस्तकं सांगितली." पहिल्या गप्पांतले त्यांना एक वाक्यही आठवत नव्हते.

नंतरचा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मी, रिसेप्शनवरच्या ताई आणि एक प्रशिक्षणार्थी अशा तिघींसमोर सरांनी काठोकाठ भरलेला कप बशीसकट उचलायचा, चहा प्यायचा आणि रजिस्टरमध्ये सही करायची. हे सगळे मोबाइलवर चित्रित करायचे. चित्रफीत बघण्याआधी त्यांनी लिहून दिले : हाताचा कंप दहापैकी नऊ दिसेल, चेहऱ्याची लाली आठ, सही वेडीवाकडी. मग डोळे मिटून मनातले चित्र शब्दांत सांगायला लावले, अगदी रंगासकट. हा टप्पा वगळला तर उपयोग होत नाही, कारण माणूस चित्रफीत बघतानाही आतल्या आठवणीच बघत राहतो. आणि एक अट : पडद्यावरचा माणूस कोणी परका आहे असे समजून बघायचे.

त्यांनी चित्रफीत परत मागे घेऊन पाहिली. कप उचलताना बशी किंचित किणकिणली होती, चहाचा एक थेंब बशीत पडला होता. बस. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा माणूस जरा दमलेला दिसतो. पिणारा नाही दिसत." कंपाला त्यांनी दहापैकी दोन गुण दिले.

तरी मनात शंका होती : समजा थरथर दिसलीच तर? म्हणून आम्ही लोकांना विचारले. एक छोटी प्रश्नावली केली आणि माझ्या ओळखीच्या, पण सरांना न ओळखणाऱ्या तीसेक जणांना पाठवली. त्यांत शेतकरी होते, बँकेतले होते, नर्स होत्या, निवृत्त गुरुजीही होते. प्रश्न सरळ : सही करताना कुणाचा हात थरथरला तर तुमच्या मनात पहिले काय येईल? आणि त्या माणसाबद्दल मत बदलेल का? बहुतेकांनी बीपी, शुगर, उपास, थंडी, वय अशी कारणे लिहिली. काहींनी लिहिले, माझाही थरथरतो. आणि हो, दोघांनी लिहिले : दारू पीत असेल.

ती दोन उत्तरे मी काढून टाकली नाहीत. माझ्या मते उपचार खरा इथेच कसाला लागतो. रुग्णाला "असे कोणीच म्हणणार नाही" अशी हमी देणे खोटे आहे, आणि त्याला ते कळते. त्या दोघांपैकी एकाने पुढे लिहिले होते, "पण त्याचे काम चांगले असेल तर मला काय करायचेय?" सर त्या ओळीवर खूप वेळ थांबले. शेकडो पालकांनी इतकी वर्षे आपली पोरे यांच्या हवाली केली, ती काय सही बघून?

विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस तरुणपणी स्वतः कमालीचे बुजरे होते. वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात ठरवून शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलायचे आव्हान स्वतःला घातले. नकार मिळत गेले आणि कोणताच नकार जीवघेणा नव्हता. पुढे त्यांनी लाजेवर हल्ला करणारे व्यायाम तयार केले. कि. मो. फडके यांनी हा विचार मराठीत रुजवला, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांना तो परका नाही. सरांनीही असे व्यायाम केले. बँकेच्या काउंटरवर मुद्दाम हात हलवत स्लिप भरली. कॅशिअरने वर न बघता "पैसे कशात हवेत?" एवढेच विचारले. हॉटेलात मुद्दाम पाणी सांडले. पोऱ्याने फडके मारले आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

पत्नींशी वेगळे बोलावे लागले. इतकी वर्षे त्या फोन उचलत होत्या, लग्नांना एकट्या जात होत्या, "यांना बरं नाही" म्हणत होत्या. सगळे मायेपोटी. "मी सोडलं तर हे घराबाहेरच पडायचे नाहीत," त्या म्हणाल्या. आम्ही एक एक गोष्ट सोडवली, आधी फोन. पहिल्या आठवड्यात त्या फोन वाजला की मुद्दाम अंगणात जाऊन उभ्या राहत.

२६ जानेवारीला माघार झाली. झेंडावंदनानंतर ग्रामस्थांसमोर पाच मिनिटे बोलायचे होते. सरांनी भाषण लिहून अक्षरशः पाठ केले. तिसऱ्या वाक्याला अडकले, कसेबसे "जय हिंद" म्हणून उतरले. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या दोन रात्री. झालेल्या प्रसंगाचा रवंथ करत बसायचे आणि प्रत्येक फेरीत तो प्रसंग आणखी भेसूर करून ठेवायचा, ही या विकाराची तिसरी खोड. पुढच्या भेटीत आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, पाठांतर हीसुद्धा युक्तीच होती हे कागदावर मांडले : लक्ष लोकांवरून काढून मनातल्या कागदावर नेणारी. दुसरे, कार्यक्रमानंतरच्या उलटतपासणीला बंदी. मन वळलेच तर हातातल्या कामाकडे परत यायचे, निकाल द्यायचा नाही.

याच सुमारास इयत्ता आठवीतली एक आठवण निघाली. वर्गात उभे राहून धडा वाचताना आवाज फाटला होता, वर्ग हसला, गुरुजींनीही हसून "बस खाली" म्हटले होते. मनातला लाल चेहरा त्या दिवसापासूनचा होता. इतक्या वर्षांत चेहऱ्याला मिशा आल्या, नोकरी आली, चित्र मात्र तेराव्या वर्षाचेच राहिले. ती आठवण आम्ही पुन्हा जागवली, पण या वेळी आजचे सर त्या वर्गात शिरले. त्यांनी त्या मुलाला काय सांगितले ते इथे लिहीत नाही. पण स्वतःच्या वर्गात रोज अडखळणाऱ्या मुलांना धीर देणाऱ्या शिक्षकाला काय बोलायचे, हे शिकवावे लागले नाही.

१ मे रोजी त्यांनी फक्त तीन मुद्दे एका चिठोऱ्यावर लिहिले आणि लोकांकडे बघत बोलले. मधे शब्द अडला, थांबले, पुढे गेले. नंतर ग्रामपंचायतीत सगळ्यांबरोबर बसून चहा घेतला. पित्ताची चौकशी झाली. "आता बरं आहे," ते म्हणाले.

आजची स्थिती

मुख्य उपचार साधारण सहा महिने चालला. लिबोविट्झचे गुण तिसाच्या जवळ आले. औषधाची गरज पडली नाही. सगळ्यांचेच असे होत नाही, आणि ज्यांना गोळ्या लागतात त्यांचा उपचार कमी प्रतीचा आहे असे मुळीच नाही. पदोन्नतीचा आदेश आल्यावर सरांनी तो स्वीकारला. शाळा मोठ्या गावातली आहे, शिक्षक सात, पालक बोलके.

असा उपचार शोधणाऱ्याने मानसशास्त्रज्ञाला सरळ विचारावे : तुम्ही या विकारासाठी वर्तन-प्रयोग करता का, चित्रफीत वापरता का, क्लिनिकबाहेर येता का? महिनोन्‌महिने नुसते दीर्घ श्वास आणि सकारात्मक विचार चालले असतील तर दुसरीकडे विचारायला संकोच करू नये. कोणाकडे जावे हेच कळत नसेल तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. समोरासमोर बोलायचीच भीती असलेल्या माणसाला फोन सोपा वाटेलच असे नाही. अशा वेळी घरातल्या कुणीतरी क्रमांक लावून द्यावा, मात्र बोलणे त्याचे त्यालाच करू द्यावे.

सरांना गटशिक्षणाधिकाऱ्यांचा फोन आला की अजून तळहाताला घाम येतो. पूर्वी ते असे फोन दिवसभर पुढे ढकलत. आता परिपाठ संपला की पहिला तोच लावतात, दारे उघडी ठेवून, सहकारी ऐकत असताना.